पावण्याचं नगं

संयोगिता : आत्या, तो डब्याच्या गिऱ्हाइकांचा फोन जरा माझ्याकडं द्या.

बयाबाई : थांब की. बंगळूरच्या बाईला लावतीया. काय झालंय कुणास ठाऊक, सकाळपास्नं समदी एकच लिवाय लागल्यात. ही बघ, डबा बंद करा. ही पण, डबा बंद करा. ह्यो दादरचा, बंद करा म्हंतोय आन् खाली जोडल्यालं हात काढल्यात. येवडा नमस्कार करून उठून जाणारा पावणा मी तरी बघितला न्हाय.

संयोगिता : म्हणूनच म्हणते, द्या. आज कुणालाच लावू नका.

बयाबाई : मग कवा लावू? माणूस पानावरनं उठाय लागलं की तवाच हाताला धरायचं असतंय. चप्पल घालून गाडीवर बसल्यावर मग काय उपेग हाय?

संयोगिता : इथून पुढं कुणाला हाताला धरायचं नाही आपण.

बयाबाई : म्हंजे? सून सासूच्या हातातला फोन काढून घ्यायला आलीया, असं सरळ म्हण की.

संयोगिता : तसंच समजा.

बयाबाई : ए चिमणाबाई, ते कांडप बंद कर गं जरा. ही काय म्हंतीया ते मला नीट ऐकू येईना झालंय.

संयोगिता : नीट ऐकलंय तुम्ही. चिमणाबाई, तुम्ही सगळ्या घरात जाऊन चहा टाका. आमचा झाकून ठेवा. काही नाही झालेलं, जावा.

बयाबाई : काय न्हाय झालं तर भरल्या कामावरनं बायकांस्नी उठवलंस कशाला? मिरच्या तापून पडल्यात तिथं. आन् तोंड बघ तुझं. उदयसिंहासंगं भांडलीस व्हय?

संयोगिता : नाही. त्यांनीच मला काल रात्री दाखवलं सगळं. तुम्हाला सांगायची वेळ येईल म्हणून आज चहा न घेताच कारखान्यात गेले.

बयाबाई : बापासारखाच हाय. अवघड आलं की गाडीला किक.

संयोगिता : बसा आधी. त्या मिरचीच्या पोत्यावर नको, इकडं बसा. आत्या, पुण्यातल्या एका मुलीनं आपल्याबद्दल लिहिलंय. लोकांनी ते पुढं पाठवलं, त्यांनी आणखी पुढं. आता आपली सगळी गिऱ्हाइकं ते वाचून बसलीत.

बयाबाई : चटणी खराब निघाली? मी म्हनलं हुतं, खोबरं नीट भाजलं न्हाय म्हणून. का गुळाची ढेप पाझारली?

संयोगिता : चटणीचं कौतुकच आहे त्यात. गुळाचंही आहे. फोनबद्दल लिहिलंय. कोल्हापूरचा एक डबा आहे, तो सुरू करता येतो, बंद करता येत नाही. पहिलंच वाक्य ते.

बयाबाई : बंद करता येत न्हाय कसा? सांगितलं की करतोयच की आपुन.

संयोगिता : कुणाचा केलाय? एकाचं नाव सांगा.

बयाबाई : आता येकदम कुणाचं सांगू. करायचीच येळ आली न्हाय. बोललं की वळतंय त्येंचं मन.

संयोगिता : मन वळत नाही. भीड पडते. त्या मुलीच्या खाली बाकीच्यांनी काय लिहिलंय ते सांगू? ठाण्याचे एक आहेत. डॉक्टरांनी त्यांचं तिखट बंद केलंय. तुम्हाला तसं सांगितलं तर तुम्ही म्हणालात, तुम्ही नका खाऊ, घरच्यांना खाऊ दे. त्यांच्या घरात ते एकटेच आहेत.

बयाबाई : मग तसं म्हणायचं तवाच. मला काय सपान पडतंय?

संयोगिता : मुलुंडच्या एका घरातला डबा दर महिन्याला त्यांच्या बिल्डिंगचा वॉचमन खातो. पोळी खाणारा माणूस आता भाकरी मागायला लागलाय म्हणे.

बयाबाई : बघ. आवडली का न्हाय त्येला?

संयोगिता : हसू नका आत्या.

बयाबाई : हसतीया कुठं. खरं गिऱ्हाईक त्योच निघाला, एवढंच म्हंते.

संयोगिता : आणि एक घर तर जैन आहे. कांदा नाही, लसूण नाही. कुणा दोस्ताच्या आग्रहाखातर डबा घेतला त्यांनी. एका महिन्यात बंद करा म्हणून लिहिलं, तर तुम्ही सांगितलंत, असू द्या, पै-पावणं आलं म्हंजे लागंल.

बयाबाई : लागतंयच की. अगं, येवडी शिकल्याली तू, तुला कळंना कसं? नगं म्हंजे नगं असतंय व्हय? पावणा पानावर बसला, आपुन रस्सा वाढाय गेलो. त्यो हात आडवा करून नगं म्हंतोय. मग काय आपुन रस्श्याचं वगराळं मागं घेतोय? घ्या की, म्हंतोय. त्यो परत नगं. आपुन परत घ्या की. मग त्यो हळूच हात बाजूला करतोय आन् दोन वाट्या रस्सा वरपतोय. पयल्या नगंला जी बाई मागं फिरली, तिचं नाव गावभर व्हतंय, पावण्याला अर्धपोटी उठवलं म्हणून. लगीन होऊन ह्या घरात आले तवा सासूनं मला हे शिकवलं. पावण्याचं नगं धरायचं नसतंय.

संयोगिता : तो आपल्या समोर बसलेला असतो. तोंड दिसतं त्याचं, भूक आहे का नाही ते कळतं. फोनवर काय दिसतं?

बयाबाई : आवाज कळतोय की.

संयोगिता : तोच तर कळला नाही.

बयाबाई : बरं, माझंच चुकलं. आन् हे वर्गणीचं खूळ कुणी काढलं? मी म्हनलं हुतं, लोकं मागतील तवा पाठवू. तू म्हनलीस, न्हाय आत्या, ऑनलाइन वर्गणी घ्यायची. एकदा नाव नोंदवलं की दर म्हैन्याला डबा आपोआप जाणार, पैसं आपोआप कटणार. मला वर्गणी ठावं हाय ती गणपतीची. तालमीची पोरं पावतीपुस्तक घिऊन दारात हुबारली की कोण न्हाय म्हंतंय का? मनात असू दे न्हाय तर नसू दे. वर्गणी चालती भिडंवरच. तवाच सांगितलं तुला.

संयोगिता : सांगितलंत. मला विनोद वाटला तो.

बयाबाई : आन् त्या कॉलेजातल्या कार्यक्रमाचं काय? तू शिकवत हुतीस त्याच कॉलेजात. मला रिक्षानं नेलंस, पयल्या ओळीत बसवलंस. ऑनलाइन वर्गणीच्या धंद्यातनं आमी काय शिकलो, असं पाटीवर लिवल्यालं. तू माईकवर काय बोललीस?

संयोगिता : आठवतंय मला.

बयाबाई : मला बी आठवतंय. दुसऱ्यांची गिऱ्हाइकं येत्यात आन् जात्यात, म्हनलीस, आमचं येक बी जात न्हाय. कारण का तर आमच्या आत्या सोता फोन करत्यात. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला शाल घातली, नारळ दिला. तवा माझा फोन चांगला हुता.

संयोगिता : तेव्हा मलाही चांगलाच वाटत होता. कुणी जात नाही म्हणजे सगळे खूष आहेत, असंच धरून चालले मी. जायला दारच ठेवलं नव्हतं, तर जाणार कुठून? त्या पोरांना खरं तर हे सांगायला पाहिजे होतं. पण मलाच ते काल कळलं.

बयाबाई : काल कळलं आन् आज फोन काढून घ्यायला आलीस. बरं, कोण ही पोरगी? तिला तरी लावू दे. काय येवडं लागलं तिला ते जरा इचारते.

संयोगिता : अजिबात नाही.

बयाबाई : नाव तर सांगशील.

संयोगिता : मोना. तिला नाही ओळखत तुम्ही. तिच्या वडलांना ओळखता. पुण्याचे सयाजीराव.

बयाबाई : मलकापूरचं सयाजीराव? त्येंची लेक व्हय ही? मग मिटलंच की. त्यो घरचा माणूस. पयला डबा पोचला तवा फोन केलता त्येनं मला. मावशी, म्हनला, निम्मं आयुष्य पुण्यात गेलं खरं आईच्या हातची चव आज लागली. रत्नांगिरी रस्त्याला घर हुतं त्येंचं, आता तिथं कोण न्हाय. दर म्हैन्याला डबा मिळाला की आठवणीनं फोन करायचा. त्येच्यासाठनं मी चटणीची वायली पुडी बांधते, लसूण जरा जादा घालून. वर सोताच्या हातानं नाव लिवते. माणूस लाखात येक. मालकीणबाईच जरा हेकट हैत.

संयोगिता : का?

बयाबाई : तुला सांगितलं न्हाय व्हय? आपल्या साऱ्या उचगावाला सांगून झालंय. त्येंच्या नंबरवरनं निरोप आला, डबा बंद करावा. मी वळखलं, हे काय त्येंचं काम न्हवं. फोन लावला तर बाईनंच उचलला. म्हनलं, का वो बंद करतासा? काय बोलंना. म्हनलं, तुमाला आवडत नसंल, खरं मालकास्नी इचारा की येकदा, त्येंचा जीव हाय ह्या चटणीवर. तर गपच. मग बारीक आवाजात म्हनली, बरं, राहू दे. अशी गप केली मी तिला. चिमणाबाई लई हसली ऐकून.

संयोगिता : कधीची गोष्ट ही?

बयाबाई : पाडव्याच्या आधीची. का गं?

संयोगिता : त्यानंतर सयाजीरावांचा फोन आला होता तुम्हाला?

बयाबाई : न्हाय आला. मला वाटलं, बायकू बोलू देत नसंल.

संयोगिता : आत्या, सयाजीराव नाहीत.

बयाबाई : न्हाईत म्हंजे? लेकीकडं गेल्यात?

संयोगिता : वारले. तुम्ही तो फोन केलात त्याच्या आधीच. दिवसकार्य झाल्यावर त्या बाई त्यांच्या फोनवरनं एकेक बंद करत बसल्या होत्या. पेपर, वाचनालय, क्लब. त्यात आपला डबा. बाकी सगळ्यांनी मुकाट्यानं बंद केलं.

बयाबाई : सयाजीराव वारलं?

संयोगिता : पाणी आणू?

बयाबाई : मालकास्नी इचारा म्हनलं मी तिला.

संयोगिता : तुम्हाला माहीत नव्हतं.

बयाबाई : इचारा की येकदा, म्हनलं. आन् वर हसले. जोतिबा, काय केलं हे मी. घरात एवढं झाल्यालं आन् ती बाई माझं ऐकून घेत बसली.

संयोगिता : मोना सुट्टीला घरी आली तेव्हा तिनं स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं. सगळे डबे तसेच, एकही फोडलेला नाही. आणि पुढं तुमच्या पुड्या ओळीनं लावून ठेवलेल्या. प्रत्येकीवर तुमच्या अक्षरात, सयाजीरावांसाठी. तिनं त्याचाच फोटो टाकलाय. तो बघून लोक चिडलेत.

बयाबाई : टाकून द्यायच्या. न्हाय तर मला शिव्या द्यायच्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ठेवून कशाला दिल्या गं तिनं?

संयोगिता : ते मला कसं कळणार?

बयाबाई : दे त्यो फोन.

संयोगिता : फोन तुमच्याच हातात आहे. आणि लावायचा नाही.

बयाबाई : अगं माणूस गेलंय त्या घरातलं. भेटाय जायाला पायजे. पुण्याला लगीच जाता येत न्हाय, मग तोंडानं चार शब्द बोलायचं न्हाईत?

संयोगिता : त्यांना नकोय आपला फोन.

बयाबाई : मयताच्या घरी कोण बोलावणं धाडतंय व्हय? न बोलावता जायाचं असतंय.

संयोगिता : आपण तेच करतोय आत्या, सगळ्यांच्याच घरी. त्यांनी बोलावलेलं नाही आणि आपण दारात. मी आपल्या साइटवर एक बटण टाकायला सांगितलंय. दाबलं की डबा बंद. का म्हणून विचारायचं नाही, फोन करायचा नाही. आणि हा फोन माझ्याकडं राहील.

बयाबाई : आन् मी काय करायचं?

संयोगिता : तुम्ही आहातच की. चटणी तुमची, नाव तुमचं. बयाबाईचा डबा म्हणूनच घेतात लोक.

बयाबाई : चटणी काय चिमणाबाई बी कांडती. तू मला शानपणा शिकवू नगंस. तुझं मामा, आमचं मालक गेलं, तवा ह्या घरात माझ्यासंगं कोण बोलत हुतं? त्यो कारखान्यात, तू कॉलेजात. मी भिताडासंगं बोलायची. खोटं वाटंल तुला, खरं जेवताना टीव्हीतल्या बाईला इचारायची, तू जेवलीस का म्हणून. डबा सुरू झाला आन् मला पार दिल्लीपतोर माणसं मिळाली. कुणाची पोरगी बाळंत झाली की फोटू पयला मला येतोय. नाशिकच्या पोराचं लगीन मोडाय आलं हुतं, तासभर बोलून मी त्येला समजावलं. मावशी मावशी करत्यात मला. ह्यो फोन गेला म्हंजे मी परत त्याच भिताडाम्होरं. तुला कळतंय का, तू काय मागतीयास ते?

संयोगिता : कळतंय. म्हणून तर सकाळपासून दोनदा दारापर्यंत येऊन परत गेले. मीही नोकरी सोडून ह्या शेडमध्ये येऊन बसलेय. डबा बुडाला तर चिमणाबाईपासून सगळ्या घरी बसतील. पण लोक ह्या फोनला घाबरतात हो. तुमचं नाव दिसलं की उचलत नाहीत, आवाज बंद करून उशीखाली ठेवतात. लिहिलंय एकीनं.

बयाबाई : मला घाबरत्यात? मी काय वाईट बोलले कुणाला?

संयोगिता : वाईट बोलला असता तर सोपं होतं. तुम्ही माया करता. मायेला नाही कसं म्हणायचं?

बयाबाई : बरं. घे. घे म्हंते न्हवं, धर हातात. आन् जा आता. त्या मिरच्या काळ्या पडतील.

(फोन वाजतो. पडद्यावर नाव येतं : सयाजीराव मलकापूर.)

बयाबाई : कुणाचा गं? अशी बघत काय बसलीस?

संयोगिता : त्यांच्याच नंबरवरनं आलाय. सयाजीरावांच्या.

बयाबाई : दे हिकडं.

संयोगिता : थांबा, मी बोलते. हॅलो. नमस्कार, मी संयोगिता. बयाबाईंची सून.

मधुवंती : नमस्कार. मी मधुवंती, पुण्याहून. मोनाची आई. मावशी आहेत का?

संयोगिता : आहेत, पण तुम्ही माझ्याशी बोललात तरी चालेल. जे झालं त्याबद्दल आम्हाला फार वाईट वाटतंय. मी तसं पत्रही लिहायला घेतलंय, सगळ्यांना दिसेल असं. तुमचा डबा तर मी आजच...

मधुवंती : नाही, मला मावशींशीच बोलायचं होतं जरा.

संयोगिता : बोला. स्पीकर लावलाय, त्या इथंच ऐकतायत.

बयाबाई : बोला बाई. बयाबाई हाय.

मधुवंती : मावशी, आधी तुमची माफी मागते. मोनानं ते सगळं मला न विचारता लिहिलं. लोक आता तुमच्याबद्दल वाट्टेल ते लिहितायत. तुमच्या वयाच्या बाईला असं कुणी बोलावं? मला वाचवेना. जेवण जात नाहीये दोन दिवस.

बयाबाई : माफी तुमी मागतासा?

मधुवंती : तिला ते काढून टाकायला सांगितलंय मी. तुमची काहीच चूक नाही हो. तुम्ही प्रेमानं करत होतात, मला का कळत नाही? चटणीही चांगली असते. तेव्हा डबा बंदबिंद काही करू नका. येऊ दे. मी देत जाईन कुणाला तरी.

संयोगिता : अहो नाही, तसं नको...

बयाबाई : तू गप जरा. बाई, हाच आवाज हुता.

मधुवंती : कसला आवाज?

बयाबाई : त्या दिशी तुमी, बरं, राहू दे, म्हनलासा. त्योच आवाज हाय आत्ता बी. तवा मला वळखला न्हाय. मला वाटलं, बाई वळली. हसून सांगितलं मी समद्यांस्नी.

मधुवंती : तुम्हाला कुठं माहीत होतं.

बयाबाई : ठावं नव्हतं, आन् मी नीट इचारलं बी न्हाय. तुमी सांगितलं का न्हाईसा बाई? येक शबूद बोलला असता तर मी पाय धरलं असतं तुमचं.

मधुवंती : सांगणार होते. अगदी ओठांवर आलं होतं. पण तुम्ही म्हणालात, त्यांचा जीव हाय चटणीवर. हाय म्हणालात. त्या दिवसांत माझ्या घरात सगळे होता, होता असंच बोलायला लागले होते. त्यांना हे आवडायचं, ते असं म्हणायचे. तुम्ही एकट्या म्हणालात, हाय. मला ते खोडवेना मावशी. आणि एकदा गप्प बसल्यावर मग पुढं सांगायचं कसं?

बयाबाई : आन् त्या पुड्या?

मधुवंती : त्यांचं नाव मीच सगळीकडून काढलं. सोसायटीच्या पाटीवरून, विजेच्या बिलावरून. प्रत्येक ठिकाणी दाखला दाखवायचा आणि काढा म्हणायचं. तुमच्या पुडीवर मात्र ते येत राहिलं. आता ती फोडून खाणार कशी, आणि केरात टाकणार कशी? लावून ठेवली कपाटात. मावशी, एक खरं सांगू? रागावणार नाही ना?

बयाबाई : सांगा.

मधुवंती : पार्सल घेऊन येणारा माणूस दारात विचारायचा, सयाजीराव आहेत का? पहिल्यांदा माझ्या तोंडून निघून गेलं, आहेत, आत आहेत, माझ्याकडं द्या. मग दर महिन्याला तेच. मला ते बोलायचं नसायचं, पण बोलायचे. दार लावून घेतलं की तिथंच फरशीवर बसायचे. महिना भरत आला की धडकी भरायची, आता तो येणार आणि विचारणार. मोनाला हे मी सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

बयाबाई : आन् तरी आत्ता म्हंतासा, डबा येऊ दे.

मधुवंती : तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.

बयाबाई : मला वाटू दे वाईट. बाई, तुमी नगं म्हणा.

मधुवंती : अहो, असं काय करता...

बयाबाई : म्हणा येकदा. मी काय म्हणणार न्हाय त्येच्यावर. आजवर कुणाचं ऐकून घेतलं न्हाय मी ते.

मधुवंती : नको मावशी. मला डबा नको.

बयाबाई : बरं.

मधुवंती : रागावला नाहीत ना?

बयाबाई : न्हाय बाई. रागवायचं कशाला.

मधुवंती : पुड्या तेवढ्या राहू देत माझ्याकडं.

बयाबाई : ऱ्हाऊ देत की. तुमच्याच हैत त्या. सयाजीराव लई चांगला माणूस हुता बाई.

मधुवंती : हो. होता. ठेवते मावशी.

संयोगिता : आत्या, पदर घ्या, डोळे पुसा. मिरचीचा हात लावू नका.

बयाबाई : आत्ता मिरची झोंबतीया व्हय मला. ते तुझं बटण लाव. आजच लाव.

संयोगिता : लावते. पण तुम्हाला आधीच सांगून ठेवते, किती लोक राहतील त्याचा मला अंदाज नाही. पुढच्या महिन्यात कांडप चालवायचं काम पडेल का नाही, तेही माहीत नाही. चिमणाबाईंना काय सांगायचं ते मला सुचत नाहीये.

बयाबाई : हाय तसं सांगायचं. मघाशी काय न्हाय झालं म्हणून झाकून बघितलं न्हवं आपुन.

संयोगिता : हा फोन घ्या.

बयाबाई : आत्ता तर काढून घेतलास.

संयोगिता : त्या बाईंना माझ्याशी बोलायचं नव्हतं. मी पत्र लिहायच्या गोष्टी करत बसले होते. ज्यांना बोलावंसं वाटेल ते तुम्हालाच लावणार. तुमच्याकडंच राहू दे. फक्त आपण होऊन कुणाला लावायचा नाही. आला तर घ्यायचा.

बयाबाई : नाशिकच्या पोराला बी न्हाय?

संयोगिता : त्यालाही नाही. त्याला वाटलं तर तो लावेल.

बयाबाई : आन् न्हाईच आला कुणाचा तर?